ह्यांना इचारते

गाडी दुरुस्त करणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. कुणी शिव्या घालत दुरुस्त करतं, कुणी गाणी म्हणत, तर कुणी बिडी ओढत नुसतंच गाडीकडे बघत बसतं. नवऱ्याला विचारून विचारून दुरुस्त करणारी मात्र एकच पाहिली. पुणतांब्याच्या डॉक्टरीणबाई. गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचं, मी काकू म्हणायचो. त्यांचं नाव चंद्रभागा होतं, हे मला त्यांच्या घरी येणाऱ्या पत्रांवरून कळलं. त्या नावानं त्यांना हाक मारणारं गावात कुणी नव्हतंच.

पुणतांब्याच्या शाळेत मी सायन्स शिकवायला गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. डॉक्टरांच्या घरासमोरच मला खोली मिळाली. सायन्सचा मास्तर म्हणजे याला यंत्रातलं कळत असणार, असा गावानं समज करून घेतला आणि मीही तो खोडून काढला नाही. डॉक्टर तेव्हा चांगले हिंडतेफिरते होते. उंच, ताठ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. आजूबाजूच्या आठ-दहा गावांत औषधाला डॉक्टर तेवढे एकच होते आणि मोटारही त्यांचीच एक होती. ती एका परदेशी इंजिनिअरनं देश सोडताना त्यांना विकलेली, पाठीला पोक काढलेली, फिकट निळी, जुनी गाडी होती. तिचं इंजिन मागं आणि सामान ठेवायची जागा पुढं. शाळेतली पोरं तिला कासव म्हणत. मी आधी हसलो, पण एकदा नाव पडल्यावर मीही कासवच म्हणू लागलो.

पुढच्या वर्षी डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिनाभर नगरला ठेवलं होतं. परत आणलं तेव्हा गाव स्टेशनवर लोटलं होतं, आणि पालखीतून उतरवावं तसं त्यांना चौघांनी खुर्चीसकट खाली घेतलं. लोकांना वाटलं, आता दवाखाना बंद.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर डॉक्टर ओट्यावर आरामखुर्चीत, स्वच्छ दाढी करून, पांढऱ्या शर्टात बसलेले. डाव्या हातात काठी. शेजारी काकू उभ्या, आणि समोर खोकणारा एक म्हातारा. काकूंनी त्याचं मनगट उचलून डॉक्टरांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. मग काकू वाकून, पदर सावरून, हळू आवाजात म्हणाल्या, "ताप न्हाई ना ह्याला?" काठी फरशीवर एकदा वाजली. "छातीत बोलतंय का?" काठी पुन्हा एकदा वाजली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काकू म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "हे म्हनत्यात, फोटो काढाया लागंल छातीचा. चला, मी नेते."

आणि त्यांनी खरोखरच नेलं. डॉक्टरांना गाडीत पुढं बसवलं, म्हाताऱ्याला मागं, आणि स्वतः चपला काढून गाडी चालवायला बसल्या. गाडी त्या अनवाणीच चालवत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या की क्लच तळपायाला कळावा लागतो, चपलेला कळून काय उपयोग. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर, अनवाणी पाय, अशी बाई मोटार चालवत श्रीरामपूरच्या रस्त्याला लागली की बैलगाडीवाले मुद्दाम थांबून बघत. काकूंचं कुणाकडे लक्ष नसे. हॉर्नचा त्यांना तिटकारा होता. समोर म्हैस आली तर ती बाजूला होईपर्यंत थांबायच्या.

त्या मूळच्या तिसगावच्या. शाळा चौथीपर्यंत. मामाची पिठाची गिरणी होती आणि तिचं इंजिन सुरू करायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असे, तिथून यंत्राची भीती मोडली. पुढं लग्न झाल्यावर तीस वर्षं त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधत, सुया उकळत, रोग्यांना धरत उभ्या राहिल्या. गाडी डॉक्टरांनीच शिकवली, नदीच्या वाळूत. पण डॉक्टर शेजारी नसताना त्यांनी ती कधी चालवली नाही, झटक्याआधीही नाही आणि नंतरही नाही. त्यांचं कुठलंच काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय होत नसे. भाजी काय करायची, गच्चीवर गहू वाळत घालायचे का, सुमनला पत्र पाठवायचं का. सुमन म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, भुसावळला दिलेली. कुणी काही मागायला आलं तरी पहिलं उत्तर ठरलेलं असे. "थांबा, ह्यांना इचारते."

जुन्या वळणाच्या बायका असंच बोलतात, म्हणून आधी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. झटक्यानंतर मात्र मला त्याचं अप्रूप वाटू लागलं. डॉक्टरांची वाचा गेली पण बुद्धी शाबूत आहे, याचा हा केवढा पुरावा. मी वर्गात मुलांना मेंदूचे भाग शिकवताना समोरच्या ओट्याचं उदाहरण द्यायचो. बोलण्याचं केंद्र वेगळं आणि विचाराचं वेगळं, पाहा, आपले डॉक्टर. मुलं माना डोलवायची, आणि मला आपण फार मोठं काही शिकवल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. काकू स्वतःच्या हातानं औषध कुणाला देत नसत. कपाट कुलपात असे. त्यांच्याकडे डॉक्टरांची उत्तरं दोनच होती. घरी जा, पेज द्या, उद्या परत या. नाहीतर चला, दवाखान्यात नेते. शंका आली की दुसरं. त्यामुळे कासव हप्त्यातून तीन-चार वेळा श्रीरामपूरला जायचं, आणि तिथले डॉक्टरही पुणतांब्याची निळी गाडी दिसली की आधी तिच्याकडे येत, कारण त्या गाडीतून उगाच कुणी येत नसे. गाव म्हणायचं, डॉक्टरांची वाचा गेली तरी हातगुण गेला नाही.

क्लचची केबल तुटली ती अशाच एका फेरीत. दुष्काळाच्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. श्रीरामपूरहून परत येताना गावाबाहेर क्लचचा पाय, म्हणजे पायानं दाबायचं पेडल, एकदम जमिनीला टेकला आणि वर आलाच नाही. गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती. काकूंनी ती तशीच ठेवली. थांबली की पुन्हा हलवणं अवघड, हे त्यांना ठाऊक होतं. आता तशीच घरापर्यंत न्यायची, तर समोर रेल्वेचं फाटक बंद. मी नेमका बाजारतळावर भाजी घेत होतो. कासव फाटकाकडून वळलं, बाजारतळावर आलं, आणि गोल फिरू लागलं. एक फेरी, दोन, तीन. भाजीवाल्या टोपल्या उचलून पळाल्या. डॉक्टर पुढच्या सीटवर काठी धरून ताठ बसलेले, तोंडावर कसलाही भाव नाही. मी ओरडून विचारलं, काय झालं, तर दर फेरीला काकूंच्या उत्तराचा एकेक तुकडा माझ्यापर्यंत आला, आणि पाचव्या फेरीला मला वाक्य पूर्ण कळलं: "क्लच तुटलाय, फाटक उघडंस्तोवर थांबता येत न्हाई." मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि सातव्या फेरीतून कासव सरळ घराकडे गेलं. एका म्हातारीनं गाडीला हात जोडले. तिला वाटलं, डॉक्टरांचा नवस असेल.

नवी केबल मिळेना. त्या गाडीचे भाग मुंबईतही मोजक्याच ठिकाणी मिळत, आणि तिथून उत्तर आलं की नाहीत. गाडी शेडमध्ये उभी राहिली. ओट्यावर माणसं येत होती, पण दवाखान्यात नेणार कसं? चार-पाच दिवसांतच लोक येईनासे झाले. ओट्यावर डॉक्टर तसेच दाढी करून बसलेले असायचे, आणि समोर कुणीच नसायचं. काकू तेव्हा घरातली बारीकसारीक कामं उकरून काढून विचारत. दळण आज टाकू का उद्या. घडा घासू का. मला समोरच्या खिडकीतून ते बघवेना.

मी तुटलेली केबल घेऊन नगरला गेलो. नागापूरला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते, आणि त्यातल्या एका वर्कशॉपात माझा मावसभाऊ टर्नर होता. त्यानं पोलादी दोरी मिळवली, जुनीशी लांबी ताडून पाहिली, एका टोकाला आटे पाडलेली सळई बसवली, आणि दुसऱ्या टोकाला क्लचच्या पायाच्या आकड्यात अडकायचा डोळा, म्हणजे गोल कडं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. तो म्हणाला, याच्यापुढं मला सांगू नकोस, एवढ्यात मी एक लेथ बनवला असता.

रविवारी सकाळी काम काढलं. डॉक्टरांची खुर्ची शेडच्या सावलीत आणून ठेवली होती. काकूंनी गोणपाट अंथरलं, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला, आणि मसाल्याचा जुना डबा उघडून शेजारी ठेवला. त्यातल्या सात वाट्या रिकाम्या. जो नट आधी निघेल तो पहिल्या वाटीत, पुढचा दुसऱ्या. परत बसवताना उलट क्रमानं वाट्या घ्यायच्या. माझ्यासारख्या सायन्सच्या मास्तरला हे सुचलं नसतं. मी असतो तर सगळे नट एका ताटात टाकले असते आणि दुपारी रडत बसलो असतो.

त्या गाडीत क्लचची केबल क्लचच्या पायापासून निघते, गाडीच्या पोटातून जाणाऱ्या एका लोखंडी नळीत शिरते आणि पार मागं इंजिनाशी निघते. पुढून पायाचा सगळा सांगाडा सोडवून बाहेर काढायचा, केबलचं आट्यांचं टोक नळीत सारायचं, मागं कुणीतरी ते पकडायचं, आणि मग डोळा आकड्यात अडकवून सांगाडा परत बसवायचा. बसवेपर्यंत मागच्या माणसानं केबल ताणून धरायची. जरा ढिली पडली की डोळा आकड्यातून निसटतो आणि सगळं पहिल्यापासून. मागचा माणूस मी होतो. चाक काढलेलं, मी जमिनीवर आडवा, तोंडावर माती. पुढं काकू अर्ध्या गाडीच्या आत, आणि त्यांचे पाय तेवढे बाहेर.

आणि प्रत्येक पावलाला प्रश्न. "अहो, आट्याचं टोक आधी घालू ना?"

काठी दोनदा वाजली.

काकू थांबल्या. मला वाटलं, आता केबल फिरवतील. पण त्यांनी जराशा वेळानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, वेगळ्या शब्दांत. पुन्हा दोनदा. त्यांनी केबलला वंगण लावलं, हात पुसले, आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी काठी एकदा वाजली. "बरं," म्हणून त्यांनी आट्याचंच टोक घातलं. ते माझ्यापर्यंत आलं, मी पकडलं. पुढचं सगळं असंच झालं. काठी नाही म्हणाली की काकू वंगण लावायच्या, नट पुसायच्या, आणि हो येईपर्यंत थांबायच्या. मी मागं पडल्या पडल्या वैतागत होतो. मनात म्हणत होतो, ही बाई हट्टी आहे, डॉक्टर एवढं नाही म्हणतायत तरी आपलंच खरं करतेय.

दोन तासांनी डोळा आकड्यात बसला, सांगाडा बसला, मी मागचा नट फिरवला. काकूंनी हातानं क्लचचा पाय दाबून पाहिला, दोन बोटं ढील ठेवली. म्हणाल्या, "झालं. बरोबर बसलं ना?"

काठी दोनदा वाजली.

त्या पुन्हा विचारणार, एवढ्यात मी बोललो. मान बाहेर काढून, अगदी मास्तरच्या आवाजात. "काकू, डॉक्टर सकाळपासून नाही म्हणतायत. तुम्ही ऐकतच नाही. त्यांना नळीत दुसरं टोक घालायचंय, दिसत नाही का?"

डॉक्टरांची मान माझ्याकडे वळली, मग काकूंकडे. त्यांचं तोंड लाल झालं. काठी दोनदा वाजली, मग परत दोनदा, मग थांबेचना. काकू गाडीतून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यात राग नव्हता. रोग्याच्या नातेवाइकानं मधेच नको ते बोलावं तेव्हा डॉक्टरीणबाई बघत, तसंच ते होतं. मग त्या डॉक्टरांसमोर उकिडव्या बसल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर बरोबर बोलले. माझंच चुकलं. तुमी म्हनता तसं करते."

आणि त्यांनी सगळं सोडवलं. पहिल्या वाटीपासून सातव्या वाटीपर्यंत. केबल बाहेर ओढली, उलटी केली, आणि डोळ्याचं टोक नळीत सारायला लागल्या. ते जाणारच नव्हतं. डोळा नळीच्या तोंडाशी अडकत होता, हे लहान पोरालाही दिसलं असतं. त्या सारत राहिल्या. अर्धा तास. मावसभावानं तीनदा केलेली ती केबल. दोरीचे दोन पदर सुटून उभे राहिले आणि काकूंच्या बोटात शिरले. रक्त आलं, ते त्यांनी गोणपाटाला पुसलं. डॉक्टर हळूहळू शांत झाले. काठी गुडघ्यावर आडवी पडली. काम आपल्या म्हणण्याप्रमाणे चाललंय असं समाधान त्यांच्या तोंडावर आलं, आणि उन्हाची गुंगी येऊन त्यांचा डोळा लागला.

तेव्हा काकूंनी केबल सुलट केली. तुटलेले दोन पदर पकडीनं कापले, आणि एक अक्षर न बोलता, एकही प्रश्न न विचारता, सगळं परत बसवलं. दोन तासांचं काम वीस मिनिटांत. मी मागं केबल ताणून धरली होती आणि मला माझ्याच हातांची लाज वाटत होती.

डॉक्टर जागे झाले तेव्हा काकू हातांना राख चोळत होत्या. "बसली बघा, तुमी म्हनला तशीच," त्या म्हणाल्या. "सुरू करू?" काठी एकदा वाजली. कासव सुरू झालं.

दुपारी मी माफी मागायला गेलो. डॉक्टर आत झोपले होते. काकू बोटाला चिंधी बांधून तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि सूप खाली ठेवून सगळं सांगितलं. सुरुवातीचे दोन-तीन महिने डॉक्टर बरोबर वाजवायचे. मग सुमन बाळंतपणाला आली.

"मी म्हनलं, अहो, ही आपली सुमन ना? दोनदा वाजवली. मी परत इचारलं, परत दोनदा. सुमन रडाय लागली. मी तिला म्हनलं, चेष्टा करत्यात गं. तवापासून मी त्यांना सुमनचं काई इचारलं न्हाई. दुखन्याचं इचारते, गाडीचं इचारते. त्यात चुकलं तर मला सांभाळून घेता येतंय."

म्हणजे गेलं वर्षभर त्या ओट्यावर नाडी काकूंची बोटंच बघत होती. डॉक्टरांच्या हाताखाली मनगट ठेवताना त्या ते आधी आपल्या हातात धरत, ते का, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, मग त्यांना विचारता कशाला? लोकांना तुम्हीच का सांगत नाही?

"न इचारता दोन दिस काढून बघितलं, मास्तर. जेवन सोडलं हुतं त्यांनी. इचारलं की कसे ताठ बसत्यात, बघता ना तुमी? त्यांचं सगळं गेलं. एवढं एक ऱ्हायलंय. ते माझ्या हातानं कसं काढून घेऊ?"

मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात ते उदाहरण देणं बंद केलं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं मी काही केलंही नव्हतं. मी एकदाच तोंड उघडलं होतं आणि त्या वयस्क बाईला दोन पदर तुटेस्तोवर चूक काम करायला लावलं होतं.

दुष्काळ पुढं वाढला. नदीत डबकी उरली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आजूबाजूची निम्मी माणसं जात होती, आणि तिथून ठेचलेली बोटं, डोळ्यात उडालेल्या कपच्या, जुलाबानं सुकलेली पोरं ओट्यावर येत होती. लहान पोर आलं की काकू आधी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडत आणि बघत राहत. कातडी लगेच बसली तर पेज. चिमटी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं, तर कासव. "हे म्हनत्यात," हे दोन शब्द मात्र कधी सुटले नाहीत. डॉक्टर ताठ बसायचे, काठी वाजवायचे, आणि लोक त्यांच्या पायाला हात लावून जायचे.

दुष्काळ सरला त्या वर्षाच्या शेवटी डॉक्टर गेले. सकाळी दाढी करताना, काकूंच्या हातात वस्तरा असताना. गावानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. सभा झाली, भाषणं झाली. वाचा गेल्यावरही तीन वर्षं ज्यांनी रोगी तपासले असा धन्वंतरी, असं एकजण म्हणाला, आणि माणसं रडली. मीही रडलो, पण माझी नजर बायकांत बसलेल्या काकूंवर होती. त्या ते वाक्य कान देऊन ऐकत होत्या.

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. लोक येत, ओट्यापर्यंत येऊन परत जात. काहीजण काकूंनाच विचारत, तर त्या म्हणत, मला त्यातलं काय कळतंय, ते सांगायचे. हे मला सहन होईना. एके दिवशी मी सरळ म्हणालो की हे तुम्ही गावाला सांगा, नाहीतर मी सांगतो. माणसं तुमच्याकडे येतील. तुमच्या बोटांत आहे ते वाया कशाला घालवता?

त्यांनी ओट्यावरची रिकामी आरामखुर्ची पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "आन मग ती तीन वरसं कोनाची हुतील, मास्तर? लोक म्हनतील, खुर्चीत नुसतं बसवलं हुतं म्हाताऱ्याला. सभेत बोललेत ते त्यांच्या नावावर ऱ्हाऊ द्या."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. सुमननं बोलावलं, घर बंद करायचं ठरलं, आणि कासव येवल्याच्या एका हौशी माणसानं नेलं. नेताना काकू बाहेर आल्या नाहीत.

त्या भुसावळला निघाल्या त्या दिवशी अर्धं गाव स्टेशनवर होतं. मनमाडकडे जाणारी सकाळची गाडी, दोन मिनिटं थांबणारी. सरपंच होते, शाळेचे हेडमास्तर होते, सभेत भाषण केलेला माणूसही होता. बायका ओटी भरायला आणलेलं परत नेत होत्या, विधवेची ओटी कशी भरायची म्हणून, आणि काकूच त्यांची समजूत घालत होत्या. तेवढ्यात गर्दीतून एक तरुण बाई पुढं आली. काखेत सात-आठ महिन्यांचं पोर, गळ्यात नवा काळा दोरा बांधलेलं. ती नमस्कार करायला आली होती. पोराला काय झालंय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, तीन दिवस जुलाब होतायत, सासूनं दोरा बांधलाय, आता उतार पडेल.

"डॉक्टर असते तर दावलं असतं," ती काकूंना म्हणाली.

"व्हय बाई. मला त्यातलं न्हाई कळत," काकू म्हणाल्या. पण त्यांचा हात तोवर पोराच्या झबल्याखाली गेला होता. मी शेजारीच होतो. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. पोर रडलंही नाही.

गाडी आली. काकूंना वर चढवलं, ट्रंक दिली, पाण्याचा तांब्या दिला. त्या खिडकीशी बसल्या. मी पाहत होतो, त्यांचा एक हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा बोटांवर घासत होता. गार्डानं शिट्टी दिली. त्या उठल्या आणि दारात आल्या.

"ए बाई, पोराला आजच श्रीरामपूरला ने. आत्ता."

ती बाई गोंधळली. म्हणाली, घरी विचारावं लागेल, सासू काय म्हणेल. उद्या बघते. आणि मग, कुठलाही वाईट हेतू नसताना, म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं असतं तर उभ्या उभ्या गेले असते."

गाडीनं धक्का घेतला. काकूंनी दाराचा दांडा धरला. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं, भाषण केलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता काय होणार आहे. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललेलं मी त्यांना त्या एकदाच ऐकलं.

"डॉक्टर न्हाई सांगत हुते. त्यांना काई कळत नव्हतं. मीच सांगत हुते, तीन वरसं मीच. मी सांगते म्हनून ने. पोर हातचं जाईल."

गाडी पुढं सरकत होती. काकू दारातून आत गेल्या, खिडकीशी बसल्या आणि पदर तोंडावर ओढून घेऊन त्यांनी मान पलीकडे फिरवली. खिडकी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

ती बाई तिथंच उभी होती. मी तिच्या काखेतलं पोर घेतलं आणि आम्ही श्रीरामपूरच्या गाडीसाठी समोरच्या फलाटाकडे निघालो.